दाराशी ठेवायच्या पिशवीत काय असावं, हे कधी आणि कसं ठरत गेलं

पुराचा इशारा आला की सगळीकडे तीच यादी फिरू लागते. माणशी रोजचं चार लिटर पाणी, टॉर्च, रेडिओ, टिकणारं खाणं, औषधं, कागदपत्रं, शिट्टी. ती इतकी ओळखीची झाली आहे की आपण ती वाचतो आणि विसरून जातो. पण तिच्यातल्या अनेक वस्तूंच्या मागे एखादी रात्र आहे, एखादं शहर आहे, ती वस्तू हाताशी नव्हती म्हणून गेलेली माणसं आहेत. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. या यादीचा साचा पुरासाठी घडलाच नव्हता, तो युद्धासाठी घडला. त्याच्या खुणा अजूनही तिच्यात दिसतात आणि पुराच्या वेळी त्या माणसाला चुकीच्या दिशेला नेऊ शकतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पुराशी सामना करायचा म्हणजे तटबंध उंच करायचे, एवढाच विचार बहुतेक ठिकाणी होता. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी तर केवळ बांधांवर भिस्त ठेवण्याचं धोरणच होतं. 1927 साली ते बांध जागोजागी फुटले आणि सहा लाखांहून अधिक माणसं बेघर झाली. पुढे भूगोलाचे अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी 1945 साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात मांडलं की पूर ही दैवी करणी असली, तरी पुराचं नुकसान मोठ्या प्रमाणात माणसाची करणी असते. नदीला आवरण्याबरोबरच माणसानं आपलं राहणं, बांधणं, इशारे आणि विमा यांतही बदल करायला हवा, असा त्यांचा आग्रह होता. मला हा मुद्दा या सगळ्या इतिहासातलं खरं वळण वाटतो, कारण तिथून पुराच्या चर्चेत घर आलं.

घरात काय ठेवायचं, याचं उत्तर मात्र दुसरीकडून आलं. 1950 च्या दशकात अणुहल्ल्याच्या भीतीनं अमेरिकेच्या नागरी संरक्षण विभागानं घराघरांत सात दिवसांचं अन्नपाणी साठवण्याची मोहीम चालवली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ती मुदत दोन आठवड्यांवर गेली, कारण किरणोत्सारी धूळ निवळेपर्यंत तळघरात बसून राहायचं होतं. डबाबंद अन्न, पाण्याचे पिंप, टॉर्च, रेडिओ, प्रथमोपचाराची पेटी ही यादी तेव्हा पक्की झाली. त्यामागचा हुकूम एकच होता: दारं लावा आणि खाली बसा. पुरात नेमकं उलटं करावं लागतं. तळघर ही पाणी सर्वांत आधी भरणारी जागा असते आणि शहाणपण वर जाण्यात किंवा वेळेत बाहेर पडण्यात असतं.

वेळेत बाहेर पडता न येणं किती महाग पडू शकतं, ते 31 जानेवारी 1953 च्या रात्री दिसलं. शनिवार होता. वायव्येचं वादळ आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली आणि उत्तर समुद्राचं पाणी नेदरलँड्सच्या नैऋत्य भागावर चढलं. हवामान संस्थेनं धोक्याचा इशारा दिला होता. पण त्या काळी तिथलं रेडिओ प्रसारण मध्यरात्री बंद होई आणि सुट्टीमुळे कचेऱ्यांतही कोणी नव्हतं. पहाटे बांध फुटले तेव्हा गावंच्या गावं झोपेत होती. जे छपरांवर चढले, त्यांतले कितीतरी जण रविवारी दुपारच्या दुसऱ्या भरतीत घरांसकट गेले. नेदरलँड्समध्ये 1,836 माणसं मेली, इंग्लंडच्या किनाऱ्यावर 307. टेलिफोनच्या तारा तुटल्यावर बाहेरच्या जगाशी बोलणं चालू ठेवलं ते हौशी रेडिओवाल्यांनी.

घरातला रेडिओ तेव्हा बहुधा विजेवर चालणारा, व्हॉल्व्हचा, जड असे. खिशात मावणारा ट्रान्झिस्टर 1954 च्या अखेरीस बाजारात आला. आजच्या यादीत बॅटरीवरच्या किंवा हातानं चावी फिरवायच्या रेडिओला जागा का आहे, हे ती रात्र नीट सांगते. मोबाइल आल्यावर तो कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण वीज गेली की मोबाइलच्या मनोऱ्यांची बॅटरीही काही तासांत संपते आणि मग भरलेल्या पॉवर बँकेचाही उपयोग राहत नाही. डच सरकारनं त्या पुरानंतर प्रचंड सागरी बांधांची योजना हाती घेतली, ब्रिटननं भरतीच्या इशाऱ्यांची व्यवस्था उभी केली. दोन्ही गरजेचं होतं, पण इशारा आणि घराचं दार यांच्यातलं अंतर घरच्यांनाच भरून काढावं लागतं.

हे अंतर जपाननं फार गांभीर्यानं घेतलं. सप्टेंबर 1959 मध्ये इसे उपसागराच्या काठी आलेल्या वादळानं पाच हजारांहून अधिक बळी घेतले. नागोया बंदरात साठवलेले लाकडाचे ओंडके पाण्याबरोबर वस्तीत घुसले आणि घरं चिरडत गेले. पुढच्याच वर्षी 1 सप्टेंबर हा आपत्ती प्रतिबंध दिन ठरला. 1923 च्या मोठ्या भूकंपाची ती तारीख. 1961 मध्ये आपत्तीविषयीचा मूलभूत कायदा झाला. त्या वातावरणात रुजलेली पिशवी ही घेऊन निघायची पिशवी होती, बसून राहायचा साठा वेगळा. ती पाठीवर अडकवायची, म्हणजे हात मोकळे राहतात. वाहत्या पाण्यात एका हाताला कठडा आणि दुसऱ्या हाताला मूल असतं. जेमतेम वीतभर खोल पण जोरानं वाहणारं पाणीही मोठ्या माणसाचा पाय उचलतं, आणि साधारण 60 सेंटिमीटर पाणी बहुतेक मोटारी वाहून नेतं.

नोव्हेंबर 1970 मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात आलेल्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. वादळ येतंय हे हवामान खात्याला कळलं होतं, पण बेटांवरच्या माणसापर्यंत ते कळेल अशा भाषेत आणि वेळेत पोचलं नाही. 1972 पासून बांगलादेशानं गावोगावचे स्वयंसेवक उभे केले. ते भोंगे आणि झेंडे घेऊन वस्तीत फिरतात, म्हाताऱ्यांना आणि मुलांना आसऱ्याला नेतात. पुढच्या दशकांत तिथे वादळातले मृत्यू कितीतरी पटींनी घटले.

त्याच प्रदेशातून यादीतली सर्वांत छोटी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची वस्तू आली: जुलाबावर पाण्यात मिसळून पाजायचं मीठ-साखरेचं पाकीट, म्हणजे ओआरएस. 1971 च्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. रुग्ण जमिनीवर पडले होते आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाकिटं भरायला लावली. ते पाण्यात मिसळून पिंपांत ठेवलं आणि रुग्णांचे नातेवाईक पेल्यांनी पाजू लागले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. पूर ओसरल्यावर पसरणाऱ्या जुलाबांवर आजही हाच पहिला उपाय आहे. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. मीठ जास्त पडता कामा नये.

पुराचं पाणी हे नुसतं पाणी नसतं, हे नोव्हेंबर 1966 मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सनं अनुभवलं. आर्नो नदी शहरात शिरली तेव्हा थंडीसाठी भरून ठेवलेलं जळणाचं तेल त्यात मिसळलं, सांडपाणी मिसळलं, आणि भिंतींवर, पुस्तकांवर, चित्रांवर तेलकट चिखलाचा थर बसला. जगभरातून आलेल्या तरुणांनी साखळी करून ग्रंथालयातली पुस्तकं हातोहात बाहेर काढली. भिजलेला कागद कसा वाचवायचा, याचं आधुनिक शास्त्र तिथे आकाराला आलं. घरच्या दप्तरालाही तेच लागू आहे. चिकटलेली पानं ओढून सोडवू नयेत आणि उन्हात कडक वाळवू नयेत. चिखल स्वच्छ पाण्यानं हलकेच जाऊ द्यावा. लगेच वाळवणं जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावं. दोन दिवसांत बुरशी धरते, गोठवल्यानं ती थांबते. 2011 च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये स्वयंसेवकांनी चिखलातले लाखो कौटुंबिक फोटो असेच धुऊन घरच्यांना परत दिले.

2005 मध्ये कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले आणि शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. यादीत सर्वांत जास्त भर तिथे पडली. दवाखान्यांतले कागद भिजले आणि कोण कुठलं औषध घेतं हे सांगायला काही उरलं नाही. म्हणून आज औषधांबरोबर त्यांची नावं आणि मात्रा लिहिलेला कागद ठेवायला सांगतात. पाळीव जनावरांना घेता येत नाही म्हणून अनेकांनी घर सोडलं नाही. 2006 मध्ये त्यासाठी अमेरिकेला वेगळा कायदा करावा लागला. पोटमाळ्यावर चढलेली माणसं वरून बंद असलेल्या छपराखाली अडकली. 1965 च्या बेट्सी वादळानंतर तिथले जुने रहिवासी पोटमाळ्यावर कुऱ्हाड ठेवत असत, ते याचसाठी. घरात जनरेटर चालवून विषारी वायूनं गुदमरल्याच्या घटनाही त्या पुरानंतर घडल्या. जनरेटर उघड्यावर, खिडक्यांपासून दूरच हवा.

शहरातलं पाणी पूर्ण उपसायला सहा आठवडे लागले. तरी जगभर 72 तासांचा आकडा रूढ झाला आहे. मदत पोचायला लागणारा तो अंदाजे अवधी. स्वीडननं 2018 मध्ये 48 लाख घरांत संकटकाळाची पुस्तिका पाठवली. तिची पहिली आवृत्ती 1943 ची, युद्धातली. मार्च 2025 मध्ये युरोपीय संघानं नागरिकांना 72 तासांची तयारी ठेवायला सांगितलं, आणि त्यामागेही पुरांइतकीच युद्धाची काळजी आहे. म्हणजे यादी पुन्हा तिच्या मुळाकडे चालली आहे.

म्हणूनच मला वाटतं की पुराच्या भागात राहणाऱ्यानं एकाच यादीवर विसंबू नये. एक पाठीवरची पिशवी निघण्यासाठी: औषधं, झिपच्या पिशवीत कागद, चष्मा, टॉर्च, रेडिओ, शिट्टी, एक दिवसाचं पाणी. बाकीचं पाणी आणि खाणं घरातल्या सर्वांत वरच्या जागी. आणि तिसरा गठ्ठा परतण्यासाठी, जो बहुतेक याद्यांत नसतोच: रबरी हातमोजे, गमबूट, मास्क, ब्लीच, फावडं. परत आल्यावर मेन स्विच बंद आहे याची खात्री झाल्याशिवाय आणि कोरड्या जागी उभं राहता येत नसेल तर विजेच्या बोर्डाला हात लावायचा नाही. गॅसचा वास आला तर बाहेरच थांबायचं. साफसफाई सुरू करण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ आणि प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवायचे, कारण चिखल धुतल्यावर भरपाई मागताना दाखवायला तेवढेच उरतात.