परळमधली सल्फा आणि प्लेगची गाठ

१८९७ साली हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. पण लस ही निरोग्यांसाठी. काखेत किंवा जांघेत गाठ उठून अंग तापाने फणफणलं की डॉक्टरांच्या हाती खात्रीचं असं काही नसे. गाठीच्या प्लेगात उपचार न झालेले निम्म्याहून अधिक रोगी दगावत, आणि ही स्थिती पुढे चार दशकं फारशी हलली नाही.

१९३५ साली जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रोन्टोसिल या लाल रंगद्रव्याचे गुण प्रसिद्ध केले. गंमत अशी, की परीक्षानळीत ते जिवाणूंना काहीच करत नसे. उंदराच्या अंगात मात्र गुण दाखवी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेने उलगडा केला: शरीरात हा रेणू फुटतो आणि त्यातून सुटणारं बिनरंगी सल्फानिलामाइड हेच खरं औषध. मग सल्फापिरिडिन, सल्फाथायाझोल अशी भावंडं आली; या सगळ्या कुटुंबाला मिळून 'सल्फा' म्हणतात. परळच्या हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखी आणि भा. बा. दीक्षित यांनी सल्फाथायाझोल प्लेगवर तपासलं आणि १९४० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. प्लेगच्या औषधाच्या इतिहासात या कामाचा उल्लेख फार ओझरता होतो, असं मला वाटतं.

सल्फा जिवाणूला थेट मारत नाही, त्याची उपासमार करते. प्लेगचा जिवाणू फॉलिक आम्ल स्वतः बनवतो आणि त्यासाठी त्याला 'पाबा' नावाचा रेणू लागतो. सल्फाचा रेणू दिसायला थेट तसाच, त्यामुळे जिवाणूचं विकर (एन्झाइम) फसतं आणि काम अडतं. आपण फॉलिक आम्ल अन्नातून आयतं घेतो, म्हणून या मार्गाने आपल्याला झळ लागत नाही.

वाढ थांबली तरी उरलेले जिवाणू संपवायचं काम रोग्याच्या पांढऱ्या पेशींनाच करावं लागतं. म्हणून औषध लवकर सुरू होणं महत्त्वाचं. शिवाय पू आणि कुजलेल्या ऊतींमध्ये जिवाणूला हवी ती रसद तयार मिळते. तिथे सल्फा लंगडी पडते. सल्फाथायाझोलचे खडे मूत्रपिंडात साचू नयेत म्हणून रोग्याला भरपूर पाणी पाजावं लागे, सोबत खाण्याचा सोडाही देत. हे सगळं सांभाळलं तरी फुप्फुसाच्या प्लेगपुढे सल्फाचा निभाव लागत नसे.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि सल्फा मागे पडली. आज जेन्टामायसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी औषधं हाताशी असताना प्लेगसाठी सल्फाची आठवण क्वचितच काढली जाते.