हलत्या देखाव्यामागची वायरिंग: पार्श्वभूमी

बेळगावच्या गणेशोत्सवातले हलते देखावे मागच्या बाजूने पाहिले, तर पुतळ्यांच्या माना-हात हलवणारी गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर बरेचदा दिसते. नाटक आणि यंत्र या दोघांचंही या मातीशी जुनं नातं आहे. १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्मही तिथलाच. त्यांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवले. त्याच घराण्याने १९४६ मध्ये बेंगळुरूत विजेच्या मोटरींचा कारखाना काढला.

नाटक कंपन्यांच्या काळात पडदे दोरीने वर-खाली होत. कुठे काही अडकलं तर ते ओढणाऱ्याच्या हाताला लगेच कळे. मोटरला ते कळत नाही, आणि पुढची सगळी वायरिंग वाढली ती त्यापायीच. कार्ल लाउटेनश्लेगर यांनी १८९६ मध्ये म्युनिकला विजेवर फिरणारा रंगमंच बसवला. पडदा वा फळी टोकाला पोचली की मोटरचा पुरवठा तोडायला लिमिट स्विच लागतो. थ्री-फेज, म्हणजे विजेच्या तीन तारांवर चालणारी मोटर उलटी फिरवायची तर त्यातल्या दोन तारा (फेज) अदलाबदल करायच्या. त्यासाठी दोन काँटॅक्टर, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की जुळणारे मोठे स्विच लागतात, आणि ते एकाच वेळी जुळले तर थेट शॉर्ट. म्हणून एक चालू असताना दुसऱ्याच्या कॉइलला वीज मिळणारच नाही, असं इंटरलॉक करतात. हे कितीही घाई असली तरी गाळू नये.

१९८६ मध्ये अमेरिकेत डीएमएक्स ५१२ हे रंगमंचावरच्या यंत्रांना केबलवरून हुकूम पाठवायचं मानक ठरलं, ते मुळात डिमरसाठी, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्रांसाठी. एका केबलवर ५१२ चॅनेल, शेवटच्या यंत्रावर सिग्नल उलटा परतू नये म्हणून १२० ओहमचा टर्मिनेटर. दिव्यांसाठी ते उत्तमच. पण त्यात चूक तपासायची सक्ती नाही, म्हणून जिथे माणसाला इजा होऊ शकते तिथे ते वापरू नये, असं ते मानकच सांगतं. दिवा क्षणभर लुकलुकला तर चालतं. कलाकार उभा असलेली फळी भलत्या वेळी हलून कसं चालेल?

त्यामुळे थांबवायच्या लाल बटणाची तार डीएमएक्समधून न नेता स्वतंत्र काढतात, आणि नेहमी जुळलेल्या संपर्कातून, म्हणजे एरवी वीज वाहू देणाऱ्या आणि बटण दाबल्यावरच तुटणाऱ्या जोडातून. ती उंदराने कुरतडली तरी काँटॅक्टर सुटतो आणि मोटर बंद पडते.