पार्श्वभूमी : आजीची खानावळ, गिरण्या आणि १९८२ चा संप

गेले काही महिने आमच्या मित्रमंडळींत विषय एकच, कोणाला काढलं, कोणाचं प्रोजेक्ट बंद झालं, कोण नोटीस पिरियडवर आहे, मग त्यातूनच गाडी राजकारणावर जाते, दोघं भांडतात, तिसरा गप्प होतो आणि रात्री दीडला मला एकट्याला मेसेज करतो की झोप लागत नाहीये रे. नोकरी, राजकारण आणि मनाची अवस्था हे तीन वेगवेगळे विषय आहेत असं आपण धरून चालतो, नोकरीसाठी एचआर, राजकारणासाठी टीव्ही, मनासाठी काउन्सेलर. पण ज्या घरातून मी आलोय तिथे हे तिन्ही एकाच दहा बाय बाराच्या खोलीत राहायचे, आणि ते तसे का राहायचे, ती सोय कशी उभी राहिली आणि कशी मोडली, हे माहीत असावं म्हणून हे लिहितोय. माझे आजोबा गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे आणि आजी लालबागच्या चाळीत खानावळ चालवायची.

सुरुवात बरीच मागची आहे. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढून उभारली आणि १८५६ पासून ताडदेवला तिचं काम सुरू झालं. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या पट्ट्यात चिमण्याच चिमण्या उभ्या राहिल्या आणि माणसं आली ती मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून. बायकापोरं, शेती गावाला आणि पुरुष मुंबईत, चाकरमानी हा शब्द त्यातूनच इतका रुळला. काम म्हणजे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, सुट्टीचा पत्ता नाही. रविवारची सुट्टी आज आपण गृहीत धरतो, ती गिरणी कामगारांना मिळाली १० जून १८९० पासून, आणि त्यासाठी काही वर्षं सभा घेत, सह्या गोळा करत होते नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधू' पत्र चालवणारे. म्हणजे विश्रांती ही मागणी आपल्याकडच्या कामगार चळवळीच्या अगदी पहिल्या मागण्यांतली आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, माणसाला आठवड्यातून एक दिवस स्वतःचा हवा हे त्या माणसाने सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी लावून धरलं. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगमध्ये गेले, प्लेगच्या रुग्णांसाठी राबत असतानाच.

तो प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला तेव्हा लाखो माणसं गावाकडे निघून गेली, गिरण्यांना माणसं मिळेनात, रोजच्या रोज मजुरी हातावर ठेवायची वेळ मालकांवर आली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हायवेवरून चालत निघालेली माणसं बघताना मला हे आठवलं होतं. शहरात जीव घाबरला की माणूस गावाकडे तोंड करतो, कारण गावाला निदान चूल आपली असते.

पण शहरात राहायचं तर आधार शहरातच लागणार, तो लोकांनी स्वतः उभा केला. एका गावच्या लोकांनी मिळून एक खोली घ्यायची, गावकीची खोली, तिच्यात वीस-पंचवीस जण, पाळ्या वेगवेगळ्या त्यामुळे झोपायची जागा पण पाळीप्रमाणे, पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर आडवा. भिंतीवर ट्रंका रचलेल्या. जेवण खानावळीत. नवीन पोरगा गावाहून आला की ओळखीतला कोणीतरी त्याला जॉबरकडे, म्हणजे माणसं कामावर घेणाऱ्या मुकादमाकडे, घेऊन जायचा, मग बदलीत नाव लागायचं, म्हणजे रोज पाळीच्या वेळेला गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर आत काम, नाहीतर परत. आज आपण कॉन्ट्रॅक्ट म्हणतो, गिग म्हणतो, बदली कामगाराला ते सगळं ठाऊक होतं. फरक एवढाच की काम न मिळता परत आला तर संध्याकाळी भजनाला, आखाड्यात, नाटकाच्या तालमीला जायला त्याला जागा होती आणि तिथे त्याला विचारणारं कोणीतरी होतं.

हे सगळं गोडगोड होतं असं अजिबात नाही. साचा खात्यात धोट्यातली (धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडे पळणारा तुकडा) कांडी बदलली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. धोटा एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी, म्हणून विणकाम खात्यात दलित कामगारांना घ्यायचंच नाही असा सवर्ण कामगारांचा हट्ट, आणि साचावाल्याचा पगार तर जास्त. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी ही गोष्ट कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवली. माझे आजोबा साचावाले होते, मराठा होते, आणि त्यांच्या पोटाला मिळालेल्या जास्तीच्या चार पैशांमागे हे आहे हे मला मोठेपणी कळलं, तेव्हापासून त्यांच्या आठवणी सांगताना मी हे वगळत नाही. कापसाचा बारीक कण छातीत बसायचा तो मात्र सगळ्यांच्याच.

राजकारण त्या वस्तीत बाहेरून येत नव्हतं, जिन्यावरच होतं. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तर गिरणी कामगार सहा दिवस संपावर, शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस. १९२८ ला कम्युनिस्टांची गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, आणि सहा महिने चाललेला संप. ७ नोव्हेंबर १९३८ ला आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला, संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या बिलाविरुद्ध. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर यांची शाहिरी याच मैदानांवर, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही गिरणगावच पुढे. मग १९६६ ला शिवसेना, ५ जून १९७० ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून, पोटनिवडणुकीत सेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. आजी सांगायची, एका पंगतीत लाल बावट्यावाला आणि सेनावाला शेजारी बसायचे, वाद व्हायचा, एकदा तर ताट भिरकावलं गेलं, पण दुसऱ्या दिवशी दोघं जेवायला तिथेच, कारण जेवणार कुठे दुसरीकडे?

या खानावळवाल्या बायका हा आपल्या इतिहासातला फारच कमी सांगितलेला भाग आहे. गिरण्यांमधलं बायकांचं काम हळूहळू कमी होत गेलं तसं कितीतरी जणींनी घरात चूल मोठी केली, पण पैसा सगळा महिन्याच्या पगारावर, तोवर किराणा दुकानदाराकडे उधारी आणि सावकाराचं व्याज वेगळं. गोवा मुक्तीच्या लढ्यातून मुंबईत आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गहाण ठेवायला काही नसलेल्या बाईला बँक दारात उभी करेल हेच तोवर कोणी पाहिलं नव्हतं.

आता संप. मुळाशी जी गाठ होती ती १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याची, बीआयआर अ‍ॅक्ट म्हणायचे सगळे. त्यानुसार कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला, आणि गिरण्यांत ती काँग्रेसच्या बाजूची राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांना ती नको असली तरी मालक बोलणार तिच्याशीच. १९८१ च्या दिवाळीला बोनसवरून लोक चिडले आणि डॉ. दत्ता सामंतांच्या दारात गेले. सामंत पेशाने डॉक्टर, घाटकोपरला दवाखाना, खाणकामगारांना तपासता तपासता युनियनमध्ये आलेले, दुसऱ्या कंपन्यांत त्यांनी मोठे पगार वाढवून दिले होते त्यामुळे लोकांना वाटलं हाच माणूस. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, साठेक गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. त्याच ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांचा संप झाला, दंगल, लष्कर बोलवावं लागलं, म्हणजे शहरच हललेलं होतं.

सगळ्यांना वाटत होतं दोन-तीन महिने. गावाहून तांदूळ, ज्वारी येत होती, अर्धे लोक शेतीला गेले. पण मालकांकडे माल पडून होता, भिवंडी-इचलकरंजीच्या पॉवरलूमवर कापड निघत होतं, त्यांना घाई नव्हती आणि सरकारला सामंतांना मोठं होऊ द्यायचं नव्हतं. संप मागे घेतल्याची घोषणा शेवटपर्यंत झालीच नाही. तो विरत गेला. १९८३ मध्ये १३ गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या, काहींनी थोडी माणसं परत घेतली, लाखाहून जास्त लोक कायमचे बाहेर. सामंत १९८४ ला खासदार झाले, १६ जानेवारी १९९७ ला पवईत त्यांना गोळ्या घालून मारलं. त्यांनी चूक केली का यावर आमच्या घरात अजून दोन तट आहेत. माझं मत, मागणी रास्त होती, मागे फिरायची वाट मात्र कोणी ठेवली नाही, आणि तेवढ्यापायी जे भोगलं ते अडीच लाख घरांनी.

आजीची वही माझ्याकडे आहे. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, एका पानावर एक मेंबर, म्हणजे खानावळीत नेहमी जेवणारा, वर नाव, गाव, गिरणी, खातं, तिकीट नंबर (म्हणजे कामगाराचा गिरणीतला नंबर, पगाराच्या दिवशी गेटवर जाऊन उधारी वसूल करायला तो लागायचा) आणि खाली तारखा. एकवीस मेंबर. जानेवारी ८२ ला सगळ्यांचे पैसे जमा. फेब्रुवारीपासून फक्त बाकी, बाकी, बाकी. जूनपर्यंत आकडे आहेत, त्यानंतर जेवल्याच्या खुणा आहेत पण आकडे नाहीत, तिने लिहिणंच सोडलं. नोव्हेंबरनंतर आठच नावं. कोणी गावाला, एकजण भिवंडीला बारा तासांच्या लूमवर, एकजण वॉचमन, एकाचा पत्ताच लागला नाही. आजोबा वर्षभर सकाळी साडेसहाला आंघोळ करून, कपडे करून गॅलरीत बसायचे, बोलायचे नाहीत. डिप्रेशन हा शब्द चाळीत नव्हता, 'त्यांचं मन लागत नाही' एवढंच म्हणायचे, आणि शेजारचे लोक एक एक करून येऊन नुसते बसून जायचे. पण शेजारी पण संपावरच होते, पुढच्या वर्षभरात त्यांतले निम्मे खोली विकून गेले, आणि मग येऊन बसायलाही कोणी उरलं नाही. काम गेलं तेव्हा आजोबा तग धरून होते. माणसं गेली तेव्हा ते खचले. पोरांचं तर वेगळंच, गल्लीतली चांगली व्यायाम करणारी पोरं गँगांच्या हाताला लागली.

जमिनीचं पुढे काय झालं ते थोडक्यात. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जागेचा एक तृतीयांश मोकळ्या मैदानांना, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेची, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टात मालकांची बाजू टिकली. तिथे आज मॉल आणि टॉवर आहेत, आमच्यातले काहीजण तिथल्याच काचेच्या ऑफिसात कामाला आहेत. कामगारांच्या घरांची पहिली मोठी लॉटरी २०१२ ला निघाली, अर्ज दीड लाखाच्या आसपास, घरं सात हजारांच्या आत.

घरासाठी पात्र कोण, तर १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर असलेला कामगार, आणि पुरावा म्हणून तिकीट, पास, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड, फंडाची पावती असलं काहीतरी. खानावळवाल्या बायका त्यात कुठेच नाहीत. त्या वेळी आजीच्या एका मेंबरचा मुलगा राजापूरहून शोधत शोधत आमच्याकडे आला होता. वडील वारलेले, घरातले कागद पावसात गेलेले, कोणीतरी त्याला सांगितलं होतं की खानावळीच्या वहीत तिकीट नंबर असायचा. होता. आजीने ते पान काढून दिलं, आम्ही खाली जाऊन झेरॉक्स काढली, त्याने ती अर्जाला जोडली.