काढा तोंडात, बिघाड मोठ्या आतड्यात

लग्नसराई लागली की नाशिकमध्ये वरातीच्या घोड्यांची चंदी वाढते आणि तिच्या मागोमाग ओवा-हिंग-सुंठीचा ‘पाचक’ काढाही येतो. वनस्पतीचा आहे, अपाय काय करणार, असा हिशेब. पण हा काढा उतरतो जठरात, आणि जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं. घोड्याचा खरा कारखाना त्यापुढे वीसेक मीटर लहान आतडं ओलांडल्यावर लागतो: सुमारे 30 लिटरचं अंधांत्र (एका टोकाला बंद असलेली आतड्याची पिशवी) आणि त्याला जोडलेलं, त्याहून कितीतरी मोठं मोठं आतडं. तिथले जिवाणू कडब्यातला तंतू आंबवून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्लं बनवतात. ती रक्तात शोषली जातात. घोडा बराचसा त्यांच्यावरच पळतो.

आता तोबऱ्यातली बाजरी घ्या. तिच्यातला स्टार्च लहान आतड्यातच पचायला हवा, पण घोड्याकडे अमायलेज हे विकर बेताचंच. एका वेळी दर किलो वजनामागे 1 ग्रॅम स्टार्च ही सुरक्षित मर्यादा. म्हणजे 400 किलोच्या घोड्याला साधारण 600 ग्रॅम बाजरी. वरातीआधी दोन किलोचा तोबरा चढवला, तर उरलेला स्टार्च तसाच अंधांत्रात जातो. तिथे लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू त्यावर तुटून पडतात, सामू (pH, म्हणजे आम्लपणाचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) 6 च्या खाली घसरतो, तंतू पचवणारे जिवाणू मरू लागतात. मेलेल्या जिवाणूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन हे विष, आम्लाने सोललेल्या अस्तरातून रक्तात शिरतं. मग पोटशूळ उठतो, आणि कधी खुराला आतल्या हाडाशी धरून ठेवणारे पापुद्रेही सुजतात. (काळ्या घोड्याची नाल शनीवर उतारा म्हणून विकली जाते. त्याच खुराची साडेसाती तोबऱ्यातून येते!) सामू घसरल्यावर चमचाभर ओवा काय करणार? चंदी तीन-चार वेळांत विभागा, नवा दाणा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा, आणि वाळला चारा दिवसाला निदान 6 किलो द्या.

नदीकाठी जमिनीवरचा चारा खाणाऱ्या घोड्याच्या पोटात वाळू साचते. तिथे मात्र इसबगोल कामाचा. आधी पाहा: जमिनीला न टेकलेले लिदीचे पाच-सहा गोळे काचेच्या बरणीत पाण्यात कालवून वीस मिनिटं ठेवा. चमचाभर वाळू तळाशी बसली तर शंका घ्यावी. बसली नाही म्हणून पोट साफच, असं नाही. इसबगोलाचा भुसा दर किलो वजनाला 1 ग्रॅम, म्हणजे 400 ग्रॅम रोज, आठवडाभर. थोड्या तेलात चोळून कोरडाच द्या. भिजवलात तर खळ होते आणि घोडा तोंड फिरवतो. पाणी मुबलक हवं. महिनोन्‌महिने चालू ठेवला तर जिवाणू तोही आंबवायला शिकतात आणि उपयोग संपतो.

लसणाच्या पुड्यांपासून सावध. कांदा-लसणातली गंधकाची संयुगं घोड्याच्या तांबड्या पेशी फोडतात. वाळवलेला लसूण रोज दर किलो वजनाला 0.2 ग्रॅमच्या वर गेल्यावर रक्तक्षय झाल्याचं प्रयोगात दिसलं आहे. चाळीतला खराब कांदा फुकट मिळतो म्हणून पुढ्यात टाकू नका. लसूणघास बेताने चालेल, त्यात लसूण नावापुरताच.

सगळ्यात घातक म्हणजे पोटशुळाने लोळणाऱ्या घोड्याचं तोंड वर करून बाटलीने काढा ओतणं. तो फुप्फुसात जाऊ शकतो. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. तुंबलेल्या जठरात भर पडली तर ते फुटतं. पशुवैद्य नाकातून नळी घालून आधी ते रिकामं करतात. ते येईपर्यंत दाणा, चारा, काढा, सगळं बंद.