अटलांटिक क्रांत्या : कारणे व प्रभाव

साधारणतः १७६५ ते १८२५ या काळात अटलांटिक महासागराच्या दोन्ही काठांवर झालेल्या राजकीय क्रांत्यांना मिळून दिलेले नाव. उत्तर अमेरिकेतील तेरा ब्रिटिश वसाहतींचे स्वातंत्र्य, फ्रेंच राज्यक्रांती, सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीतील (आजचे हैती) गुलामांचा उठाव आणि स्पॅनिश अमेरिकेतील स्वातंत्र्ययुद्धे या त्यांतील प्रमुख होत. नेदरलँड्समधील देशभक्त पक्षाची चळवळ (१७८१–८७) आणि पोर्तुगालमधील १८२० ची क्रांती यांनाही काही अभ्यासक याच मालिकेत बसवतात. आरंभवर्षाबद्दल एकमत नाही. सप्तवार्षिक युद्ध संपले ते १७६३, मुद्रांक कायद्याचे १७६५ आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे १७७६ अशी तीन वर्षे सुचवली जातात. अखेर म्हणून स्पेनचा पराभव झालेली पेरूमधील आयाकुचोची लढाई (९ डिसेंबर १८२४) धरणे सोयीचे आहे, यापेक्षा अधिक काही म्हणता येणार नाही.

या घटनांना एका सूत्रात ओवण्याची कल्पना बरीच अलीकडची आहे. आर. आर. पामर हे अमेरिकन आणि झाक गोदशो हे फ्रेंच इतिहासकार यांनी १९५५ मध्ये रोम येथील आंतरराष्ट्रीय इतिहास परिषदेत ती मांडली. शीतयुद्ध ऐन भरात असल्याने ‘हा नाटो कराराला इतिहासाचा टेकू आहे’ अशी टीका झाली. फ्रेंच क्रांतीचे वेगळेपण त्यामुळे झाकले जाते, हा दुसरा आक्षेप. तिसरा आक्षेप बराच उशिरा पुढे आला, पण सर्वांत वजनदार तोच होता : पामर यांच्या या विषयावरील दोन खंडांच्या ग्रंथात हैतीला जेमतेम जागा मिळाली होती. त्रिनिदादचे सी. एल. आर. जेम्स यांनी १९३८ मध्येच सँ-दोमँग व पॅरिस यांचा इतिहास एकत्र लिहिला होता, हे लक्षात घेता ही उपेक्षा अधिकच खटकते.

कर्ज व कर : सप्तवार्षिक युद्धाने (१७५६–६३) ब्रिटनचे सार्वजनिक कर्ज जवळजवळ दुप्पट झाले. त्याचा काही भार वसाहतींवर टाकण्यासाठी कागदपत्रांवर कर बसवणारा १७६५ चा मुद्रांक कायदा आला. न्यायालयीन कागद, वृत्तपत्रे, पत्रके, अगदी पत्त्यांचे जोडसुद्धा त्यातून सुटले नाहीत. म्हणजे ज्यांना लिहिता, छापता आणि वाद घालता येत होता, त्या वकिलांवर व मुद्रकांवरच तो नेमका पडला. पुढल्याच वर्षी तो मागे घ्यावा लागला, पण ‘प्रतिनिधित्व नाही तर कर नाही’ हा मुद्दा मागे गेला नाही. फ्रान्सने ब्रिटनवर सूड उगवण्यासाठी अमेरिकन बंडखोरांना मदत केली. त्या खर्चाचा अंदाज एक अब्ज लिव्रच्या (तत्कालीन फ्रेंच चलन) पुढे जातो आणि तो मुख्यतः कर्ज काढून भागवला गेला. अर्थमंत्री नेकेर याने १७८१ मध्ये छापलेल्या हिशेबात शिल्लक दाखवली होती. तो हिशेब कितपत खरा होता हा वेगळा वाद आहे, पण राज्याचा जमाखर्च प्रजेने वाचायचा असतो ही सवय त्याने लावली. १७८८ पर्यंत महसुलाचा सुमारे निम्मा भाग व्याजात जाऊ लागला. नवे कर लावायचे तर सरदार व धर्मगुरूंच्या सवलतींना हात घालणे भाग होते. त्यांनी नकार दिला, आणि १६१४ नंतर न भरलेली एस्टेट्स जनरल (धर्मगुरू, सरदार व सामान्य जन यांच्या प्रतिनिधींची सभा) ५ मे १७८९ रोजी बोलवावी लागली. त्यातच १७८८ च्या गारपिटीने पीक बुडवले होते आणि पॅरिसमध्ये चार पौंडी पाव साडेचौदा सू (लहान फ्रेंच नाणे) इतका महाग झाला होता. भावांच्या चढउताराचा अभ्यास करणारे एर्नेस्त लाब्रूस यांच्या मते धान्याचे भाव १७८९ च्या जुलैमध्येच शिखरावर होते.

ग्रंथांचा प्रभाव : फ्रेंच क्रांती रूसो आणि व्हॉल्तेअर या विचारवंतांनी घडवली, हे विधान क्रांतीच्या भक्तांनीही केले आणि शत्रूंनीही. त्याला पहिला मोठा धक्का फ्रेंच अभ्यासक दान्येल मोर्ने यांनी दिला. १७५० ते १७८० मधील पाचशे खाजगी ग्रंथसंग्रहांच्या याद्या त्यांनी तपासल्या. त्यांत रूसोच्या ‘सामाजिक करार’ या ग्रंथाची एकच प्रत सापडली (१९१०). हा आकडा पुढे इतक्या वेळा उद्धृत झाला की त्याची मर्यादा विसरली गेली. या याद्या बहुधा लिलावासाठी छापल्या जात आणि छापण्यापूर्वी तपासल्या जात, त्यामुळे बंदी असलेली पुस्तके त्यांत येण्याचा संभव कमी होता. शिवाय यादी करण्याइतका संग्रह ज्याच्याकडे असे तो वाचक मुळात सधन. इतिहासकार रॉबर्ट डार्नटन यांनी स्वित्झर्लंडमधील नशातेल येथील एका प्रकाशनसंस्थेचे दप्तर चाळून चोरट्या ग्रंथव्यापाराचे चित्र उभे केले. त्यात तत्त्वचिंतनाच्या शेजारी दरबारी लफड्यांची आणि अश्लील चोपडी दिसतात, आणि राजाविषयीचा आदर ओसरण्यास ती अधिक कारणीभूत झाली असावीत असे त्यांचे मत आहे. इतिहासकार रोजे शार्तिये यांनी प्रश्नच उलटा केला : प्रबोधनाने (अठराव्या शतकातील विवेकवादी विचारप्रवाहाने) क्रांती घडवली, की क्रांतीने आपल्याला पूर्वज हवेत म्हणून ‘प्रबोधन’ घडवले? शार्तिये यांचे मत सर्वस्वी पटले नाही, तरी ‘सामाजिक करारा’च्या आवृत्त्यांची गर्दी १७८९ नंतर झाली हे त्याला पोषक आहे.

अमेरिकेत थॉमस पेन याच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या ‘कॉमन सेन्स’ या जानेवारी १७७६ मधील पुस्तिकेचेही असेच आहे. लाखाच्या वर प्रती खपल्याचा दावा मूळ पेन याचाच, आणि तो त्या काळच्या छापखान्यांच्या कुवतीला पेलणारा नाही असे आता म्हटले जाते. पुस्तिका मोठ्याने वाचली जाई, हस्ते परहस्ते फिरे, हे मात्र निर्विवाद. एकंदरीत, कर्जाने राज्ययंत्रणा अडवली आणि अडलेल्या यंत्रणेविरुद्ध काय मागायचे याचे शब्द ग्रंथांनी पुरवले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

सँ-दोमँग : १७८९ च्या सुमारास या वसाहतीत सुमारे पाच लाख गुलाम, तीस हजारांच्या आसपास गोरे आणि जवळपास तितकेच मुक्त कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय होते. फ्रेंच क्रांतीतील मानवी हक्कांचा जाहीरनामा येथे पोहोचला तेव्हा त्याचा प्रत्येक गटाने वेगळा अर्थ लावला. मळेवाल्यांना स्वायत्तता हवी होती. व्हँसाँ ओजे याने १७९० मध्ये मुक्त मिश्रवंशीयांसाठी समान हक्क मागितले; त्याला १७९१ च्या फेब्रुवारीत हालहाल करून मारण्यात आले. गुलामांचा उठाव त्याच वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पेटला.

त्याच्या उगमाशी जोडली जाणारी बोआ काइमाँ येथील रात्रीची सभा विशेष वादग्रस्त आहे. वादळी रात्री डुकराचा बळी देऊन शपथ घेतली गेली, असे वर्णन प्रथम आंत्वान दाल्मास या वैद्याच्या ग्रंथात येते. तो १८१४ मध्ये छापला गेला आणि लेखक बंडाचा कडवा विरोधक होता. यावरून अभ्यासक लेओं-फ्रांस्वा हॉफमन यांनी ती सभा काल्पनिक ठरवली. इतिहासकार डेव्हिड गेगस यांच्या मते विधी घडला, पण बेत त्याआधीच एका मळ्यावरील बैठकीत ठरला होता. परंपरेने या दोन घटना एकत्र केल्या. पुराव्याच्या दृष्टीने गेगस यांचे मत अधिक सुरक्षित होय. याच गेगस यांनी दाखवले आहे की फ्रान्सच्या राजाने गुलामांना आठवड्याचे तीन दिवस मोकळे दिल्याची वदंता बंडापूर्वी पसरली होती, म्हणजे अनेक बंडखोर राजाच्या नावानेच उठले. इतिहासकार जॉन थॉर्नटन यांनी लक्ष वेधले ते आफ्रिकेकडे. गुलामांतील बरेच जण काँगोच्या यादवीत लढलेले शिपाई होते. मकाया हा त्यांचा एक नायक आपण काँगो, फ्रान्स आणि स्पेन अशा तीन राजांचे प्रजाजन असल्याचे सांगे. गुलामांनी स्वतः लिहिलेले कागद मोजकेच असल्याने असे एखादे वाक्य फार भार वाहते. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले. १८२५ मध्ये फ्रान्सने मान्यतेच्या मोबदल्यात १५ कोटी फ्रँक भरपाई लादली, ती पुढे ९ कोटींवर आणली.

स्पॅनिश अमेरिका : बोगोताच्या आंतोनियो नारिन्यो याने फ्रेंच जाहीरनाम्याचे भाषांतर १७९३ च्या अखेरीस छापले आणि तो तुरुंगात गेला. तथापि येथे निर्णायक ठरले ते १८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनच्या राजाला पदच्युत करणे. राजा नाही तर सार्वभौमत्व प्रजेकडे परत येते, या युक्तिवादावर ठिकठिकाणी जुंता (स्थानिक शासनमंडळे) उभ्या राहिल्या. तो रूसोचा की सोळाव्या-सतराव्या शतकांतील स्पॅनिश धर्मपंडितांचा, याबद्दल मतभेद आहेत. इतिहासकार फ्रांस्वा-झाव्हिए गेरा यांच्यानंतर कल दुसऱ्या बाजूला झुकला आहे. हैतीचा प्रभाव दुहेरी होता. हैतीचा अध्यक्ष पेत्याँ याने १८१६ मध्ये गुलाममुक्तीच्या अटीवर स्पॅनिश अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा नेता बोलिव्हार याला शस्त्रे दिली, तर क्यूबातील मळेवाले हैतीच्याच धास्तीने स्पेनला चिकटून राहिले.

भारतीय संदर्भ : गोव्यातील कांदोळी येथील पिंटो घराण्याशी जोडलेले पोर्तुगीज सत्तेविरुद्धचे बंड (१७८७) फ्रेंच क्रांतीच्या प्रभावाचे म्हणून सांगितले जाते. कालक्रमानेच ते अशक्य आहे. अमेरिकेचा प्रभाव संभवतो, पण गोमंतकीय पाद्र्यांना वरची धर्मपदे नाकारली जात हे जवळचे कारण पुरेसे आहे. त्यात पंधरा जणांना १७८८ मध्ये देहान्त शासन झाले. १८२० च्या पोर्तुगीज क्रांतीचा परिणाम मात्र थेट दिसतो. सप्टेंबर १८२१ मध्ये गोव्यात व्हाइसरॉयला दूर करून जुंता आली आणि १८२२ च्या जानेवारीत लिस्बनच्या संसदेसाठी तीन प्रतिनिधी निवडले गेले. त्यांपैकी दोघे, बेर्नार्द पेरिश द सिल्व व कोंश्तांसियु रोक द कोश्त, गोमंतकीय होते. महाराष्ट्रात पेनचे मानवी हक्कांवरील लेखन जोतीराव फुले यांच्या वाचनात होते. १८७३ चे ‘गुलामगिरी’ त्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांस अर्पण केले आहे.