जलाघात आणि घरातल्या नळांचा दाब

जलाघात म्हणजे नळीतून वाहणारे पाणी एकाएकी अडल्यावर उसळणारी दाबाची लाट. घरात ‘पाइप वाजतो’ म्हणतात, प्लंबर ‘हॅमरिंग’ म्हणतात. नळ बंद करताच भिंतीत ‘धाड्’ होते, किंवा सोसायटीचा पंप थांबला की तळमजल्यावर कुणीतरी घण घातल्यासारखे वाटते, तो हाच प्रकार.

अर्धा इंची, ३० मीटर लांब नळीत सुमारे ५ किलो पाणी असते. नळ सुरू असताना हे सगळे पाणी चालत असते. तोंड झटक्यात मिटले की पुढचे पाणी थांबते, मागचे त्यावर येऊन आदळते आणि दाबाची लाट उलट दिशेने टाकीकडे धावते. लोखंडी नळीत तिचा वेग सेकंदाला साधारण १२०० मीटर असतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून १८९८ मध्ये याचे गणित मांडले: पाण्याची घनता, लाटेचा वेग आणि पाण्याच्या वेगातली घट यांचा गुणाकार म्हणजे दाबातली वाढ. सेकंदाला १ मीटरने वाहणारे पाणी लोखंडी नळीत तात्काळ थांबवले तर दाब सुमारे १२ बारने (बार हे दाब मोजायचे एकक) चढतो. स्थिर पाण्याने एवढा दाब द्यायचा तर १२० मीटर उंचीवर टाकी लागेल. प्लास्टिकच्या नळीच्या भिंती थोड्या फुगतात, लाट मंदावते आणि हा आकडा साधारण एक तृतीयांशावर येतो. म्हणून जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांचा आवाज जास्त. प्लास्टिकची नळी आवाज कमी करते, पण हलते, आणि वर्षानुवर्षे हलून सांधे सैल करते.

लाट टाकीपर्यंत जाऊन परतण्याच्या आत नळ मिटला तरच पूर्ण फटका बसतो. वरच्या उदाहरणात हा अवधी ०.०५ सेकंद आहे. चार वेढे फिरवायच्या जुन्या पितळी नळाने तो कधीच गाठला नाही. पाव वेढ्याचे नळ मात्र बोटाच्या एका फटकाऱ्यात मिटतात, आणि वॉशिंग मशीनचा विजेवर चालणारा वॉल्व्ह तर त्याहून झटपट. त्यामुळे नवे बाथरूम केल्यावर जुने पाइप वाजू लागले, तर त्यात नवल नाही.

खरा उपाय म्हणजे पाणी हळू थांबवणे. नळीला क्लॅम्प मारल्याने आवाज दबतो, धक्का तसाच राहतो. तरी सुटलेली नळी आवळावीच. नळाजवळ उभी, वरून बंद केलेली फूट-दीड फूट नळी बसवली की तिच्यात कोंडलेली हवा गादीचे काम करते. पण ही हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि उपाय निकामी होतो. अशा वेळी मुख्य कॉक बंद करून वरचे-खालचे सगळे नळ उघडावेत आणि लाइन रिकामी करावी, म्हणजे गादी पुन्हा भरते. दट्ट्या असलेले तयार अरेस्टर (धक्का शोषणारी नळकांडी) ही कटकट वाचवतात, मात्र ते दोषी वॉल्व्हच्या अगदी शेजारी हवेत. पंप थांबताना होणारा धक्का वेगळा: चढत्या नळीतले पाणी माघारी फिरते आणि झडपेचा नॉन-रिटर्न वॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा) त्या वेगानिशी आपटतो. तिथे स्प्रिंगचा वॉल्व्ह लावावा. पाणी उलटण्याआधीच तो मिटतो.

प्रत्येक आवाज जलाघाताचा नसतो. नळ अर्धा उघडल्यावर घरघर होते आणि पूर्ण उघडल्यावर थांबते, तेव्हा बहुधा आतला वॉशर सैल असतो. टाकी भरत आली की पाइप हंबरतो, कारण लाटांवर बॉल कॉकचा फुगा नाचतो आणि झडप उघडझाप करते.

जलाघात पाण्याच्या वेगातून येतो. नेहमीचा दाब ठरतो टाकीच्या उंचीवर. १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार. वीस मजली इमारतीत तळाशी ६ बारपर्यंत दाब येतो, म्हणून खालच्या मजल्यांना दाब कमी करणारे वॉल्व्ह लावतात. याउलट गच्चीखालच्या बिऱ्हाडात शॉवरला जेमतेम ०.२ ते ०.३ बार मिळतो. तिथे टाकी उंचावणे किंवा प्रेशर पंप बसवणे हेच मार्ग. त्याआधी नळाच्या तोंडची जाळी काढून पाहावी. ‘प्रेशर नाही’ या तक्रारीचा निकाल पुष्कळदा तिच्यात साचलेल्या क्षारांतच लागतो. धार मधूनच तुटत असेल तर लाइनने हवा धरली आहे. टाकीच्या बाहेर पडणाऱ्या नळीला, टाकीपेक्षा उंच जाणारी उघडी हवानळी जोडली की ती हवा सुटते.

पालिकेच्या लाइनला थेट टिल्लू पंप लावणे हा दाब वाढवण्याचा लोकप्रिय आणि बेकायदा मार्ग. शेजाऱ्याचे पाणी तुटते ते वेगळेच, पण ओढीमुळे जमिनीतल्या नळीत दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरते.