पीडीएफ म्हणजे ई-बुक नव्हे

‘ई-बुक वाचून डोळे दुखतात, आपलं छापील पुस्तकच बरं,’ असं कुणी म्हणालं की मी विचारते, वाचलंत ते नक्की काय होतं? बहुतेक वेळा उत्तर एकच येतं: कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ. दादरहून कल्याण गाडीत उभ्याने, एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान डावीकडे-उजवीकडे सरकवत कादंबरी वाचायची म्हटल्यावर डोळे दुखणारच. पण तो दोष ई-बुकचा नाही, कारण ते ई-बुक नव्हतंच. ते छापील पुस्तक होतं, फक्त कागद काढून घेतलेलं.

आपण रेघ ओढतो ती कागद आणि पडदा यांच्यामध्ये. ती ओढायला हवी बांधलेलं पान आणि मोकळा मजकूर यांच्यामध्ये. तशी ओढली की पीडीएफ छापील पुस्तकाच्या बाजूला जाते आणि ई-बुक एकटं पलीकडे उरतं.

छापील पुस्तकाबद्दल तुम्हाला सांगण्यासारखं काही नाही. कागदाचा वास, कपाटातली जागा, पिशवीतलं ओझं, किमतीतला फरक, यावर भरपूर लिहून झालंय आणि त्यात कुणाची फसगतही होत नाही. फसगत होते ती पानाबाबत.

छापील पान एकदा लागलं की लागलं. आपल्याकडच्या कादंबऱ्या बऱ्याचदा डेमी आकारात निघतात, म्हणजे साधारण साडेपाच इंच बाय साडेआठ इंच. कोणता शब्द कोणत्या ओळीत, ओळ कुठे मोडणार, पान कुठल्या वाक्यावर संपणार, हे सगळं अक्षरजुळणी करणाऱ्याने पक्कं केलेलं असतं. पीडीएफचा जन्मच हे पक्कं पान राखण्यासाठी झाला. अडोबीने 1993 मध्ये ती आणली तेव्हा हेतू हाच होता, की कागदपत्र कुठल्याही संगणकावर उघडा, कुठल्याही प्रिंटरवर काढा, पान जागचं हलता कामा नये. छापखान्यात पुस्तक आजही बहुधा पीडीएफ होऊनच जातं. त्या कामासाठी ती उत्तमच आहे.

आता हेच पान फोनवर आणा. पडद्याची रुंदी पावणेतीन इंचांच्या आसपास, म्हणजे पानाच्या निम्मी. छापताना 14 पॉइंटचं असलेलं अक्षर तिथे 7 पॉइंटचं होतं. रोमन लिपीचं त्यात कसंबसं भागतं. देवनागरीत वर मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरांची दाटी. सात पॉइंटांत अनुस्वार आहे की नाही हे अंदाजाने ठरवावं लागतं. म्हणून आपण पान मोठं करतो, मग ओळ पडद्याबाहेर जाते, मग सरकवणं सुरू. काही जण यावर उपाय म्हणून किंडल, म्हणजे ॲमेझॉनचं पुस्तकं वाचायचं यंत्र, घेतात, त्यावर तीच पीडीएफ चढवतात आणि सहा इंची पडद्यावर पुन्हा बारीक अक्षरं पाहून सगळ्या ई-बुकांवर काट मारतात. याचं मला फार वाईट वाटतं. पैसे गेले आणि खरं ई-बुक पाहिलंच नाही.

खरं ई-बुक म्हणजे बहुतेक ठिकाणी ईपब नावाची फाइल, 2007 पासून रूढ झालेली. किंडलचा आपला वेगळा प्रकार आहे, पण तत्त्व तेच. त्यात सहसा पान नसतंच. आत असतो प्रकरणाप्रकरणाने मांडलेला मजकूर आणि त्याला लावलेल्या खुणा: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही तळटीप. वेबपेज ज्या पद्धतीने बनतं, जवळपास त्याच पद्धतीने. ओळ कुठे मोडायची ते तुमच्या हातातलं यंत्र त्या क्षणी ठरवतं. अक्षर मोठं केलंत तर ओळीत पाच शब्द येतील, लहान केलंत तर नऊ. ओळ बाहेर मात्र जाणार नाही. चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही ते वाचता येतं.

ओळखायची कसोटी सोपी आहे. अक्षर मोठं करून पाहा. सगळं पान फुगलं तर पीडीएफ. अक्षरं वाढली आणि ओळी नव्याने बसल्या तर ई-बुक. फाइलच्या नावात काय लिहिलंय, विकणाऱ्याने ‘ई-बुक’ म्हणून पैसे घेतले का, याला काही अर्थ नाही.

पान नाही म्हटल्यावर पानांचे आकडेही डळमळतात. वाचनगटात कुणी ‘पान 112 काढा’ म्हणालं की ई-बुकवाला हरवतो. ईपबमध्ये छापील आवृत्तीचे पृष्ठांक खुणेदाखल देण्याची सोय आहे, मराठी प्रकाशकांनी ती वापरायला हवी. तोवर प्रकरण आणि परिच्छेद सांगावा, एवढंच.

पीडीएफमध्येही दोन जाती आहेत, आणि इथे मुंबईच्याच छपाईचा इतिहास कामाला येतो. 1831 मध्ये गणपत कृष्णाजींनी इथे पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर: दगडावर उतरवलेलं पान म्हणजे एकसंध चित्र, त्यातलं एक अक्षर उचलून दुसरीकडे नेता येत नाही. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांना, देखणं रूप दिलं, आणि खिळा सुटा असतो, पान मोडून पुन्हा जुळवता येतं. स्कॅन केलेली पीडीएफ ही शिळाछाप आहे. तिच्यात शोधायला शब्दच नाहीत, आहे ते पानाचं छायाचित्र. संगणकावर जुळवलेल्या पीडीएफमध्ये खिळे आहेत, पण जागेवर चिकटवलेले. ई-बुकमध्ये ते सुटे राहतात.

चिकटवलेले खिळे सोडवायला गेलं की मराठीची खास अडचण पुढे येते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, आल्यानंतरही बरीच वर्षं आपली अक्षरजुळणी जुन्या फॉन्टांत चालली. त्यात पडद्यावर ‘क’ दिसतो, संगणकाच्या लेखी मात्र ते एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं. अशा पीडीएफमधून वाक्य उचलून दुसरीकडे टाका, अगम्य चिन्हांची रांग येईल. युनिकोडमध्ये आणतानाही जपावं लागतं: जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. घाईने रूपांतर केलं की वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. फुकटच्या संकेतस्थळावर पीडीएफचं ईपब करून ‘ई-आवृत्ती’ म्हणून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. परिच्छेदाच्या मध्येच पृष्ठांक येतो, प्रत्येक ओळ अर्ध्यावर तुटते, आणि वाचक समजतो की ई-बुकं अशीच असतात. फॉन्टचंही तेच. मराठी ल आणि मराठी श यांचं वळण वेगळं आहे. ईपबमध्ये फॉन्ट सोबत देता येतो, भाषा मराठी अशी खूण करता येते. एवढी दोन कामं केली नाहीत की पडद्यावर हिंदी वळणाचे ल-श येतात आणि वाचताना खटकत राहतात.

पीडीएफ नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. चित्रांची बालपुस्तकं, नकाशे, कोरीव लेखांचे ठसे, जुन्या दुर्मिळ ग्रंथांची हुबेहूब प्रत, इथे पान हाच मजकूर असतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपले कितीतरी ग्रंथ पीडीएफमध्ये मोफत खुले केले, हे मोठं काम आहे. टॅब्लेटवर किंवा संगणकावर ते सुखाने वाचता येतात. कवितेलाही मी पीडीएफच पसंत करते, कारण अक्षर मोठं केलं की ई-बुक ओळ मध्येच दुमडतं आणि कवीने तोडलेली ओळ कुठली, यंत्राने तोडलेली कुठली, कळेनासं होतं. कादंबरी, चरित्र, वैचारिक गद्य यांना मात्र ई-बुकच हवं.

आणि जे डोळ्यांनी वाचत नाहीत त्यांच्यासाठी तर हा फरक निर्णायक आहे. फोन मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, पण मजकूर असला तर. स्कॅनपुढे तो मुका राहतो, जुन्या फॉन्टपुढे रोमन अक्षरं बडबडतो. दृष्टिहीनांना वाचता येईल अशी प्रत करण्याची मुभा आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने दिली आहे, पण अशी प्रत करणाऱ्यांच्या हाती असली पीडीएफ पडली की आधी ती सगळी नव्याने टाइप करावी लागते किंवा संगणकाने ओळखलेलं अक्षर न् अक्षर तपासावं लागतं.

मालकीचा मुद्दा वेगळा, आणि तिथे मी कागदाच्या बाजूने आहे. दुकानातून घेतलेलं ई-बुक सहसा वाचनाचा परवाना असतो. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये आपलं पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनं पुस्तक मिळतं तसं जुनं ई-बुक मिळत नाही.

‘वेगळं ई-बुक करायला परवडत नाही,’ असं प्रकाशक सांगतात. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत ते खरं आहे. नव्या पुस्तकांच्या बाबतीत मला ते पटत नाही. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेल्या एकाच फाइलमधून छपाईची पीडीएफ निघते आणि ईपबही निघतं. त्यासाठी मजकूर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये हवा, आणि शीर्षकाला नुसतं ठळक अक्षर न देता शीर्षक म्हणून खूण केलेली हवी. नवा करार करणाऱ्या लेखकांनी ही अट सही करण्याआधीच घालून घ्यावी.